ट्रॉलीचा दणका : जोड निवडताना आधी काय पाहाल?



पाऊस उघडला आणि कारखान्यांची धुराडी पेटायचे दिवस जवळ आले, की ऊसपट्ट्यात ट्रॉल्यांची डागडुजी सुरू होते. टायर बदलतात, हौद्याला रंग लागतो, मागच्या फळीवर मुलाबाळांची नावे येतात. एवढा खर्च होतो, पण ट्रॅक्टर आणि ट्रॉली ज्या एका पिनीने बांधलेली असतात, त्या पिनीकडे वाकून पाहणारे फार थोडे. तिकडे लक्ष जाते ते दणके बसू लागल्यावर. ड्रायव्हर म्हणतो, कंबर धरली. मिस्त्री म्हणतो, मागच्या हौसिंगचे बोल्ट पुन्हा ढिले झाले. मग कोणीतरी सुचवतो, "स्प्रिंगचा जोड बसवून घ्या, रबर टाका, दणका जाईल."

स्प्रिंगचा किंवा रबराचा जोड वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. योग्य जागी तो फार उपयोगी पडतो. पण दुखणे कोणते हे न पाहता मलम लावावे, तसे त्याचे होऊ नये. दणका कुठून येतो हे आधी ओळखावे, जे बिनखर्चात किंवा थोड्या खर्चात सुधारते ते आधी सुधारावे, आणि पैसे घालून दणका शोषणारा जोड घ्यायचा तो शेवटी. हा क्रम का धरायचा, तेच या लेखात पाहू.

बैलाची मान आणि ट्रॅक्टरचा हूक

बैलगाडी ज्याने हाकली आहे, त्याला हुकावरचे वजन वेगळे शिकवावे लागत नाही. गाडीत माल पुढे जास्त झाला, की जू मानेवर दाबते, बैल मान टाकून चालतो आणि खांदेसूज होते. माल मागे जास्त झाला, की गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि जोते गळ्याला आवळते. जाणता गाडीवान माल असा रचतो, की मानेवर थोडे वजन राहील, पण जाच होणार नाही. खड्ड्यातून चाक गेले, की तो हिसका थेट बैलाच्या मानेवर येतो. म्हणूनच सांगली जिल्ह्यातील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली ऊसगाडीच्या जुवाखाली आधाराचे एक चाक बसवून दाखवले, तेव्हा त्याचे सगळीकडे कौतुक झाले. मानेवरचा भार त्या चाकाने उचलला.

ट्रॅक्टरचा हूक म्हणजे त्याची मानच. फरक एवढाच, की बैल लंगडतो, थांबतो, आपल्याकडे बघतो. लोखंड मात्र तुटेपर्यंत काही बोलत नाही.

दोन चाकी की चार चाकी?

दोन चाकी ट्रॉलीचा आख मधोमध किंवा जरा मागे असतो, आणि मालाचे काही वजन दांड्यावाटे ट्रॅक्टरच्या हुकावर येते. हे थोडे वजन फायद्याचे असते. त्याने मागची चाके जमीन धरतात आणि चिखलात घसरत नाहीत. पण ते प्रमाणाबाहेर गेले, की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात.

चार चाकी ट्रॉली आपले वजन आपल्याच चाकांवर पेलते. तिचा दांडा कडीपाशी वरखाली हलतो, त्यामुळे हुकावर दांड्याच्या वजनापलीकडे फारसे काही येत नाही. तिच्या पुढच्या आखावर जे गोल फिरते टर्नटेबल असते, ते जुन्या घोडागाड्यांमधून आलेले आहे. तिकडे त्याला 'पाचवे चाक' म्हणत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तेव्हा तुमची ट्रॉली दोन चाकी असेल, तर तुमचा पहिला प्रश्न वजनाचा. ती चार चाकी असेल किंवा तुम्ही एकामागे एक दोन ट्रॉल्या ओढत असाल, तर पहिला प्रश्न पुढेमागे बसणाऱ्या हिसक्याचा.

हुकावरचे वजन काट्यावर पाहा

हुकावर किती वजन येते, हे अंदाजाने सांगू नये. गावाजवळच्या वजनकाट्यावर ते दहा मिनिटांत कळते. आधी नुसता ट्रॅक्टर काट्यावर घ्या आणि वजन लिहून ठेवा. मग भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टर पुन्हा असा उभा करा, की ट्रॅक्टरची चारही चाके काट्यावर आणि ट्रॉलीची चाके काट्याबाहेर सपाट जमिनीवर राहतील. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे हुकावरचे वजन.

एक उदाहरण घेऊ. समजा, ट्रॅक्टर २,००० किलोचा आहे आणि त्यातले ७५० किलो पुढच्या चाकांवर आहे. ट्रॉली जोडल्यावर काटा २,८०० दाखवतो. म्हणजे हुकावर ८०० किलो आले. हूक मागच्या आखाच्या ७५ सेंटिमीटर मागे आहे आणि पुढच्या-मागच्या आखांमधले अंतर २०० सेंटिमीटर आहे. आता हे तरफेचे गणित झाले. ८०० ला ७५ ने गुणा आणि २०० ने भागा, उत्तर ३०० येते. एवढे किलो पुढच्या चाकांवरून उचलले गेले. ७५० चे ४५० उरले.

रिकाम्या ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आहे. या उदाहरणात तो ४०० किलो होतो. म्हणजे सपाटीवर आपण जेमतेम आत आहोत. चढावर ओढताना पुढचा भाग आणखी हलका होतो. मग स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढची चाके उचलली जातात. ट्रॅक्टर मागे उलटायला दोन सेकंदही पुरतात. क्लच दाबायला तेवढा वेळ मिळतोच असे नाही.

यावर उपाय स्प्रिंगमध्ये नाही. हुकावर ८०० किलो आहेत ते स्प्रिंग बसवली तरी ८०० च राहतात. उपाय असे : माल थोडा मागे सरकवून रचा, भरती कमी करा, किंवा नवी ट्रॉली करून घेताना आख कुठे बसवायचा हे कारागिराशी बोलून ठरवा. मात्र माल इतकाही मागे नेऊ नका, की गाडी उलाळेल. उलाळलेली ट्रॉली हूक वर उचलते, मागच्या चाकांची पकड जाते आणि पिनीला कुलूप नसेल तर ती वर निघून येते. ट्रॉली अर्धी खाली करताना हे विशेष सांभाळा. पुढचा माल आधी काढला आणि मागचा तसाच राहिला, तर ट्रॉली आपोआप उलाळते.

हुकाची उंचीही बघा. दांड्याची कडी आणि ट्रॅक्टरचा हूक एका पातळीत असावेत, म्हणजे हौद्याचा तळ सपाट राहील. ओढण्याची जागा नेहमी मागच्या आखाच्या खाली असावी. रुतलेली ट्रॉली काढताना साखळी वरच्या लिंकच्या जागी बांधणे म्हणजे ट्रॅक्टर स्वतःच्या हाताने उलटवणे होय.

दणके दोन जातीचे

आता दणक्याकडे वळू. एक दणका वरखाली बसतो. ट्रॉलीचे चाक खड्ड्यात गेले, की दांडा हुकावर घणासारखा आपटतो. दोन चाकी भरलेल्या ट्रॉलीत हा जास्त असतो. दुसरा दणका पुढेमागे बसतो. ब्रेक लावला, की ट्रॉली मागून ढकलते, आणि क्लच सोडला, की हिसका देते. चार चाकी ट्रॉलीत आणि दोन ट्रॉल्यांच्या माळेत हा जास्त असतो.

या दोन्ही दणक्यांना वाढवणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पिन आणि कडी यांच्यामधला खेळ. कडीचे भोक झिजून लांबट झाले आणि पिन बारीक झाली, की दोघांत पोकळी पडते. त्या पोकळीत ट्रॉली आधी धावते आणि मग आपटते. आपटली, की पोकळी आणखी वाढते. असे हे चक्र चालू राहते.

खेळ तपासायचा असा : इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, ट्रॉलीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. मग पहारीने दांडा वरखाली आणि पुढेमागे हलवून पाहा. खटखट वाजले, तर आधी पिन आणि कडी बदला, किंवा कडीत नवा बुश बसवून घ्या. पुष्कळ ट्रॉल्यांचा निम्मा दणका एवढ्यानेच जातो.

पिनीच्या झिजेकडे सहज म्हणून पाहू नका. ३० मिलिमीटरची पिन झिजून २७ मिलिमीटर झाली, तर डोळ्याला फरक जाणवत नाही. पण वाकवणाऱ्या जोरापुढे तग धरण्याची तिची ताकद सुमारे २७ टक्क्यांनी घटलेली असते, म्हणजे चौथा हिस्सा गेला. पिन हरवली म्हणून बांधकामाच्या सळईचा तुकडा किंवा मिळेल तो बोल्ट घालणे, हे तर सर्वस्वी टाळावे. पिन चांगल्या पोलादाची, भोकाच्या मापाची आणि खालून क्लिपने अडवलेली असावी.

परदेशातली गादी

दणका शोषणारे जोड अमेरिकेत फार वापरले जातात. तिथे पिकअप गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात एक जाड तबकडीसारखा जोड बसवतात आणि त्यात मागच्या मोठ्या ट्रेलरची पिन अडकवतात. या जोडाला तिथे अजून 'पाचवे चाक' म्हणतात. आपल्या टर्नटेबलाचेच हे भावंड. त्या ट्रेलरमध्ये राहण्याची खोली असते किंवा जनावरे असतात. ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पिनीवर येतो. ही पिन ज्या पेटीला बसवलेली असते, तिच्यात कोणी रबराचे ठोकळे घालतात, कोणी हवेची पिशवी, तर कोणी स्प्रिंग. त्यामुळे रस्त्याचा हिसका गाडीत बसलेल्यांच्या पाठीपर्यंत पोचत नाही.

ही पेटी निवडताना तिथले जाणकार जे नियम सांगतात, ते आपल्यालाही लागू पडतात. पहिला नियम, पेटी पिनीवरच्या खऱ्या वजनाला बेतलेली असावी. वजनाच्या मानाने ती नरम असेल, तर पूर्ण दबून लोखंडावर लोखंड आपटते. ती कडक असेल, तर हलतच नाही आणि पैसे वाया जातात. दुसरा नियम, आपला दणका वरखालीचा आहे की पुढेमागेचा, हे पाहून पेटी घ्यावी. एका दणक्यावर चालणारी पेटी दुसऱ्यावर चालेलच असे नाही. तिसरा नियम, पेटी बसवली म्हणून ओढण्याची मर्यादा वाढत नाही. जोड, गाडी आणि ट्रेलर या तिघांत जो सर्वांत कमकुवत, त्याचीच मर्यादा खरी.

मात्र त्यांची नक्कल जशीच्या तशी आपल्याकडे करता येत नाही. त्यांची पिन गाडीच्या मागच्या आखाच्या वर किंवा किंचित पुढे बसते, म्हणून पुढची चाके उचलली जात नाहीत. आपला हूक आखाच्या मागे असतो. तेव्हा 'पाचवा हिस्सा पिनीवर' हे प्रमाण आपल्या हुकाला चालणार नाही. दुसरे असे, की राहण्याच्या ट्रेलरचे वजन जाता-येता सारखेच असते. आपली ऊसट्रॉली जाताना भरलेली आणि येताना रिकामी. हवेच्या पिशवीत भरलेल्या ट्रॉलीची हवा ठेवली, तर रिकाम्या खेपेला ती दगडासारखी कडक होईल. रिकाम्या ट्रॉलीची ठेवली, तर भरल्यावर चपटी होईल. प्रत्येक खेपेला हवा कमी-जास्त कोण करणार?

मग आपण काय घ्यावे?

घरचे शेणखत, धान्य, चारा अशी अधूनमधून वाहतूक असेल आणि ट्रॉली दोन चाकी असेल, तर दणका शोषणाऱ्या जोडावर खर्च करण्याची गरज नाही. पिन घट्ट ठेवा, माल नीट रचा, टायरमधली हवा सांगितल्याप्रमाणे ठेवा आणि खराब वाटेवर वेग आवरा. वेग दुप्पट केला, की आदळण्यातली शक्ती चौपट होते. वेग कमी करण्याइतका स्वस्त गादीचा जोड दुसरा नाही.

दोन चाकी ट्रॉली हंगामभर खडबडीत रस्त्यावर भरून चालत असेल, तर दांड्याखाली पाटे असलेला किंवा जाड रबरी ठोकळ्यांवर बसवलेला दांडा करून घेणे योग्य. पाट्यांचा फायदा असा, की वजन वाढेल तसे खालचे पाटे कामाला लागतात, त्यामुळे भरली आणि रिकामी दोन्ही खेपांना ते जुळवून घेतात. ते तुटले तर तालुक्याच्या गावी दुरुस्तही होतात. रबराला वंगण घालावे लागत नाही, पण ऊन आणि डिझेल-तेल यांनी ते तडकते. म्हणून दर हंगामाआधी ते वाकवून, भेगा पाहून तपासावे.

चार चाकी ट्रॉली किंवा दोन ट्रॉल्यांची माळ असेल, तर पुढेमागे दबणारी स्प्रिंग उपयोगी पडते. आगगाडीच्या डब्यांना जे बफर असतात, तेच तिचे काम. पण स्प्रिंग आधी थोडी दाबूनच बसवलेली असावी. ती सैल बसली, तर खेळ कमी होण्याऐवजी वाढतो. दुसऱ्या ट्रॉलीचा हूक पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या चौकटीला वेल्डिंगने लावलेला असतो. त्या वेल्डिंगवर केसासारखी बारीक चीर दिसली, तरी ट्रॉली बाहेर काढू नये.

कारागिराला सांगायच्या गोष्टी लिहून न्या : हुकावर किती वजन येते, ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत हुकाची मर्यादा किती दिली आहे, हुकाची जमिनीपासूनची उंची किती, आणि रस्ता डांबरी की कच्चा. "शेजाऱ्याला बसवला तसाच द्या" असे सांगू नका. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर वेगळा, माल वेगळा आणि त्याच्या ट्रॉलीचा आखही वेगळ्या जागी असतो.

उतारावर गादी ब्रेक लावत नाही

पुढेमागेचा दणका फार असेल, तर बहुधा ट्रॉलीला ब्रेक नाहीत किंवा आहेत ते चालत नाहीत, असे समजावे. सगळे वजन एकटा ट्रॅक्टर थांबवतो आणि ट्रॉली त्याला मागून रेटते. उतारावर हा रेटा सरळ रेषेत राहिला नाही, तर ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे करते. स्प्रिंगचा जोड या रेट्याला थोडा मऊ करील, थांबवणार नाही. जोडावर खर्च करायचे पैसे आणि ब्रेकवर खर्च करायचे पैसे यांत निवड करायची झाली, तर ब्रेक आधी.

रस्त्यावर जाताना डाव्या-उजव्या ब्रेकचे दोन्ही पॅडल एकमेकांना जोडून ठेवा. शेतात ते सोडले आणि रस्त्यावर तसेच राहिले, तर एकाच बाजूचे चाक अडते आणि ट्रॅक्टर फिरतो. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणे हा सौदा जिवावरचा आहे. पिनीच्या जोडीला एक मजबूत साखळीही असू द्या. ती दांड्याखालून फुलीसारखी बांधावी, म्हणजे पिन निघालीच तर दांडा रस्त्यात न रुतता साखळीच्या झोळीत पडेल. वळताना ताण येणार नाही, एवढी लांबी ठेवा.

घरच्या सर्वांनी वाचावे असे

ट्रॉली जोडताना घरातले कोणीतरी मदतीला उभे राहते. बहुधा मुलगा, कधी सून, कधी म्हातारे वडील. ते दांडा हाताने धरून ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मध्ये उभे राहतात आणि ट्रॅक्टर मागे येतो. पाय क्लचवरून निसटला, की मधल्या माणसाला जागाच उरत नाही. म्हणून दांडा जॅकवर उभा करावा, कडीची उंची आधीच जुळवावी, ट्रॅक्टर मागे येईतोवर मध्ये कोणी जाऊ नये. ट्रॅक्टर थांबला, गिअर निघाला, हँडब्रेक लागला, की मगच पिन घालायला पुढे व्हावे. दांड्याला जॅक नसेल, तर बाकी काही घेण्याआधी तो घ्या.

दांड्यावर बसून किंवा उभे राहून प्रवास करू देऊ नका. फडावरून परतताना तोडणी कामगारांची पोरे हौसेने तिथे चढतात. जिथे लोखंडाला दणके बसून भेगा पडतात, ती जागा लेकराच्या बसण्याची नव्हे. ट्रॉली तुमची असेल, तर 'नाही' म्हणायचा अधिकार आणि जबाबदारी तुमचीच.

हंगामाआधीचा एक दिवस या कामासाठी राखून ठेवा. सकाळी खेळ तपासा, पिन मोजा, वेल्डिंग पुसून पाहा. दुपारी काट्यावर जाऊन हुकावरचे वजन काढा आणि ते गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. ब्रेक, साखळी आणि जॅक झाल्यावरही दणका उरला, तर मग तो वरखालीचा की पुढेमागेचा हे पाहून, त्या वजनाला बेतलेला जोड बनवून घ्या. असा पायरीपायरीने घेतलेला जोड पैसे वसूल करतो, ट्रॅक्टरचे आयुष्य वाढवतो, आणि चालवणारा संध्याकाळी ताठ कण्याने जेवायला बसतो.